बारा मिनिटं

फोटो काढून झाले, लोक चहाकडे वळले, तरी ती बाई खांबापाशी उभीच होती. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनात मराठी मंडळाने महिला दिनाचा कार्यक्रम ठेवला होता. स्त्रियांना कामाच्या जागी काय सोसावं लागतं, यावर राजनंदिनी भोईटेने नुकतंच अर्धा तास भाषण केलं होतं. सत्काराची शाल हातावर टाकून ती स्वतःच त्या बाईजवळ गेली.

बाईचं नाव भीमाबाई. गाव विट्याजवळचं. नवरा गाझियाबादला सोनं गाळायच्या दुकानात, आणि ती तिथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. तिने गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून दाखवलं. मागे राजनंदिनीच्या कंपनीचं नाव होतं.

"ताई, ह्ये कार्ड तुमचंच न्हवं का?"

राजनंदिनीने कौतुकाने मान डोलावली.

"संडासच्या दाराला लावावं लागतंय. आत जाताना एकदा, भाईर येताना एकदा. दिसाला बारा मिनटं. त्याच्या वर गेलं की सकाळी समद्यांम्होरं नाव वाचत्यात." भीमाबाईने आवाज खाली घेतला. "माझ्या अंगावरनं लई जातंय. डाक्टर म्हनला, पानी प्या. मी पानीच सोडलंय."

ती भांडायला आलेली नव्हती. भाषण करणाऱ्या बाईंना हे ठाऊक नसेल, एवढंच तिला वाटलं होतं. तेवढं सांगून ती बससाठी निघून गेली.

दाराजवळच्या त्या नोंदीची कल्पना राजनंदिनीचीच होती. तिचे वडील नरसिंह भोईटे सैन्यात सुभेदार. ती वाढली दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये, इंजिनियर झाली आणि नोएडात नोकरीला लागली. तिथे तान्ह्या मुलीसाठी दूध काढायला जागा नव्हती म्हणून ती फायलींच्या खोलीत दाराला पाठ लावून बसायची. पाळणाघरासाठी तिने दीड वर्ष वरिष्ठांना अर्ज केले. पाळणाघर झालं तेव्हा तिची मुलगी शाळेत जायला लागली होती. पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून तिला बोलावू लागले. मग एका कारखान्याला आग लागली आणि स्वच्छतागृहात दोन बायका राहून गेल्याचं कोणाला कळलंच नाही. ती बातमी वाचून तिने नोकरी सोडली. इमारतीत कोण कुठे आहे ते एका पडद्यावर दिसेल, असं सॉफ्टवेअर तिला बनवायचं होतं. गाझियाबादला एका टायरच्या दुकानावर खोली घेऊन तिने सुरुवात केली. सोबतीला अंशुमन होता. नागपूरहून यूपीएससीसाठी आलेला आणि तीनदा नापास झालेला. आता त्यांच्याकडे एकेचाळीस कारखाने होते.

दुसऱ्या दिवशी यंत्रणा तपासायचं निमित्त करून ती भीमाबाईच्या कारखान्यात गेली. तिथल्या व्यवस्थापकाने उत्साहाने पडदा उघडून दाखवला. कोण किती वेळ आत होतं त्याचा रोजचा तक्ता. बारा मिनिटांच्या वरची नावं लाल. भीमाबाईचं नाव लाल नव्हतं. तिच्यापुढे सोमवारी शून्य होतं, मंगळवारीही शून्य. राजनंदिनीने आठवडाभराचा तक्ता पाहिला. सगळीकडे शून्यच होतं.

व्यवस्थापक म्हणाला, देखिए मॅडम, कितना फर्क पडा है.

ऑफिसात येऊन तिने अंशुमनला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही ते ऐकवेना. पण हा कारखाना त्यांचा सगळ्यात मोठा कस्टमर होता, आणि इतर नऊ कारखान्यांनी हाच तक्ता मागून घेतला होता.

"हे त्यांचं सेटिंग आहे यार, राजू. आपण थोडंच सांगितलं त्यांना असं वापरा म्हणून?"

"मी लिहिलंय ते, अंशुमन. आत कोणी अडकलं तर वेळेवरून कळावं म्हणून. त्या तक्त्याच्या कोडची पहिली ओळ माझी आहे."

त्यावर तो बराच वेळ बोलला. पन्नास माणसांच्या नोकऱ्या, गुंतवणूकदार, आपण नाही दिलं तर दुसरा कोणी देईल. यातलं काही खोटं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. मग आपल्या जागेवर बसून तो तक्ता सगळ्या एकेचाळीस कारखान्यांसाठी काढून टाकला. आग लागली तर कोण आत आहे हे अजूनही दिसणार होतं. किती वेळ आहे, ते आता कोणाला दिसणार नव्हतं.

आठवड्याच्या आत त्या कारखान्याने करार मोडायची नोटीस पाठवली, पाठोपाठ आणखी दोघांनी. संचालकांची बैठक बसली. तक्ता परत द्या, नाहीतर प्रमुखपद सोडा, असं तिला सौम्य शब्दांत सांगण्यात आलं. ती नाही म्हणाली. तिला बाजूला करायच्या ठरावावर हात वर झाले, त्यांत अंशुमनचाही होता. हात वर करताना तो टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता.

महिन्याभरात तक्ता परत आला. मधल्या काळात चार आठवडे बायका पोटभर पाणी प्यायल्या, एवढाच फरक पडला. भीमाबाईने ते फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "ताई, आमच्यापायी तुमचं काम गेलं व्हय?"

तुमच्यातल्या किती जणी लेबर ऑफिसात यायला तयार आहेत, तेवढं राजनंदिनीने विचारलं. सहा जणी निघाल्या.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी त्या सहा जणी गाझियाबादच्या लेबर ऑफिसात बाकावर बसल्या होत्या. कारखान्याचा वकील आला होता, आणि शेजारी कागदांची फाइल घेऊन अंशुमन. त्याने राजनंदिनीला पाहून मान हलवली. तिनेही हलवली. कारकुनाने तिला खुर्ची देऊ केली. ती नको म्हणून बायकांच्या बाकामागे उभी राहिली.

एकेक जबानी झाली. भीमाबाई मोडक्या हिंदीत बोलली, पण काही गाळलं नाही. शेवटी राजनंदिनीची पाळी आली. हे यंत्र मी बनवलं, तक्ता मी लिहिला, तो असा वापरला जातो हे मी स्वतः पाहिलं, असं तिने सांगितलं. अंशुमन फाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला.

कारकुनाने लिहिणं संपवून वरच्या रकान्यांकडे पेन नेलं. नाव, वय, पत्ता. बाकीच्या सहा कागदांवर कामाच्या रकान्यात त्याने 'सिलाई' लिहिलं होतं.

"आप क्या करती हैं?"

"मेरी कंपनी थी."

"थी नहीं, मॅडम. अभी का बताइए."

ती म्हणाली, "अभी खाली रहने दीजिए."

त्याने रकाना रिकामा सोडला आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिने सही केली. मागे भीमाबाईने बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली होती. पुढची तारीख ऐकायला ती तिथे जाऊन बसली.