पानाच्या आधी वाजणारी घंटा

फिजिओथेरपी सेंटरमध्ये पेशंट जिथे आपल्या पाळीची वाट बघतात, त्या खोलीची एक भिंत आम्ही तिघांनी मिळून केली होती. ताईने मातीत फुटक्या टाइल्सचा चुरा मिसळून कप्पे घडवले, भाजले, आणि प्रत्येक कप्प्याखाली मातीचीच एक छोटी घंटा टांगली. कप्प्यांमध्ये मी लाजाळू लावली. भावोजी इंजिनिअर, त्यांनी प्रत्येक झाडाच्या देठाला केसाएवढी बारीक तार जोडली. पानाला बोट लागलं की झाडात विजेची एक लहर उठते. ती तारेपर्यंत पोचली की घंटा वाजायची. झाडांना पाणी हात धुवायच्या बेसिनचं, गाळून घेतलेलं, आणि वीज गच्चीवरच्या लहानशा सौर पॅनेलची. दुखऱ्या हातांना व्यायाम व्हावा आणि व्यायामाचा कंटाळा येऊ नये, एवढाच हेतू.

त्या लहरीला पोचायला वेळ लागतो. फार नाही. जिन्याखालून कोणी हाक मारावी आणि वरच्याने "आलो" म्हणावं, तेवढा. पण त्या दिवशी बाबांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि घंटा लगेच वाजली. पानं मात्र उघडीच राहिली.

बाबांनी पानाकडे पाहिलंच नाही. ते घंटेवर खूश होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यापासून ते ताईकडे राहत होते, तिच्या कामाच्या खोलीत. त्यांच्या स्वतःच्या घरात भाडेकरू होता. त्याचा करार महिनाअखेरीला संपत होता, आणि बाबांच्या मते घंटा रोज वाजते म्हणजे हात परत आला. करार वाढवायचा नाही, आपल्या घरी जाऊन एकट्याने राहायचं, आपला स्वयंपाक आपण करायचा, असं ते फिजिओबाईंना ऐकवत होते. उकळतं पातेलं उतरवायला आता कोणाची मनधरणी करायला नको, म्हणाले.

मला ते पातेलं दिसायला लागलं.

भावोजी दाराशी मोबाइल घेऊन उभे होते. बाबांची पाळी आली की त्यांच्या हातात मोबाइल असतोच, हे मला तेव्हा जाणवलं. भिंतीत काही बदल केलाय का, म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आल्या इन्स्पेक्टरबाई," ते हसले. "झाडांची जबानी घेतली का?"

ते नेहमीच अशी थट्टा करतात. पण उत्तर मिळालं नाही, हेही मी मनात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भावोजी ऑफिसला गेल्याची खात्री करून मी बाबांना सेंटरवर नेलं. घंटा वाजलीच. म्हणजे ते मोबाइलवरून वाजवत नव्हते. बाबा आत व्यायामाला गेल्यावर मी त्यांच्या कोपऱ्यातल्या कप्प्याजवळ हात नेला. पानाला, मातीला, कशालाच न लावता. वीतभर अंतरावरूनच घंटा वाजली. मग झाड मुळांसकट अलगद उपटून बाजूला ठेवलं आणि रिकाम्या कप्प्यासमोर हात धरला. तरीही वाजली. बाकीच्या कप्प्यांना मात्र बोट टेकवावं लागलं.

भिंत झाडाचं ऐकतच नव्हती. समोर माणूस आहे, एवढंच तिला कळत होतं.

झाड परत लावताना माझ्या मनात एक विचार आला, आणि मग तो जाईना. बाबा घरी गेले तर ताईची खोली मोकळी होणार होती. गेले कित्येक महिने तिचं मातीकामाचं चाक गॅलरीत झाकून पडलेलं होतं आणि मातीच्या गोणी स्वयंपाकघरात, दाराआड. ती कधी तक्रार करत नसे. आता तिचं हे गप्प राहणंही मला वेगळं वाटायला लागलं.

संध्याकाळी बाबा खोलीत आडवे झाले होते, तेव्हा मी स्वयंपाकघरात ताई-भावोजी दोघांनाही गाठलं. रिकाम्या कप्प्याचं सांगितलं. भावोजींनी या वेळी थट्टा केली नाही. दिवसभर माणसं झाडांना हात लावतात, दुपारपर्यंत झाडं मिटायचीच थांबतात, म्हणाले. एक आजी घंटा वाजली नाही म्हणून रडल्या होत्या. तेव्हा त्यांनी झाडाऐवजी माणसाच्या हाताची चाहूल घेणारा सेन्सर लावला. मला सांगितलं असतं तर मी भिंत बंद करायला लावली असती, हेही त्यांनी बोलून दाखवलं. ते बरोबर होतं. सारखं डिवचल्यावर लाजाळू दाद देईनाशी होते हे मला ठाऊक होतं. तिला विसावा द्यायला पाळीपाळीने झाडं बदलायला हवी होती. ते मी सुचवलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"पण बाबांच्याच कोपऱ्यात वीतभरावरून का वाजते? बाकीकडे बोट टेकावं लागतं."

भावोजींनी ताईकडे पाहिलं.

"मी सांगितलं तसं करायला," ताई म्हणाली. "बाबा अंथरुणातून उठत नव्हते. तू आठवड्यातून एकदा यायचीस, तुला काय दिसणार."

"आणि घरी जायचं म्हणाले, तेव्हा गप्प का बसलीस?"

ती पोळपाट पुसत राहिली. "सरळ बोल ना. मला खोली हवीय असं वाटतंय तुला."

"हवीय?"

"हवीय. रोज हवीय," ती म्हणाली. "म्हणूनच तोंड उघडत नव्हते. त्यांना थांबवायला गेले तर वाटायचं, उगाच चांगुलपणा मिरवतेय. जाऊ द्यावं तर वाटायचं, मीच ढकलतेय."

तिचं खरं मानावं असं वाटत होतं, पण पूर्ण मानलं असं म्हणता येणार नाही.

सकाळी मी माझ्याकडचं एक झाड आणलं, कुणाचाही हात न लागलेलं, आणि बाबांच्या टेबलावर ठेवलं. तार नव्हती, घंटा नव्हती. बाबांनी बोट पुढे केलं. ते थरथरत बाजूला गेलं, परत आलं, पानाला लागलं. पानं एकेक जोडी करत मिटली.

"घंटा कुठाय?" बाबांनी विचारलं.

"घंटा खोटी होती, बाबा," ताई म्हणाली. "माझ्यामुळे."

बाकीचंही तिनेच सांगितलं. मला मध्ये बोलावं लागलं नाही. बाबांनी ऐकून घेतलं. भावोजी दाराशीच थांबले होते, त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग मला विचारलं, आत्ता पान मिटलं याचा अर्थ काय. बोट हवं तिथे पोचलं, एवढाच, मी म्हणाले. लाजाळू फुंकरीनेही मिटते.

"मग पातेलं आण."

मी गार पाणी घालून पातेलं आणलं, अर्ध्याहून कमी भरलेलं. बाबांनी दोन्ही हातांनी उचललं. डावा हात स्थिर होता. उजवीकडची पकड सुटली आणि पाणी टेबलावरून त्यांच्या पायावर सांडलं. कोणीच पुढे झालं नाही. त्यांनी पातेलं हळू खाली टेकवलं आणि ओल्या पायाकडे बघत राहिले.

"हे गरम असतं तर," ते म्हणाले.

मग त्यांनी भावोजींना भाडेकरूला फोन लावायला सांगितलं. करार वाढवायचा, पण वर्षाचा नाही, सहाच महिन्यांचा. त्यावर घासाघीस चालणार नाही, हेही बजावलं.

"तुझी खोली अजून अडवून बसतो," ते ताईला म्हणाले.

"बसा. पण माती आता तुमच्या पलंगाखाली येणार. आणि चाक खिडकीशी."

"आवाज करतं का ते?"

"करतं."

"मग दुपारी नको," बाबा म्हणाले.

ताई पाणी पुसायला वाकली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला बघायचं होतं, म्हणून मीही फडकं घेऊन खाली बसले. तिने मान वर केलीच नाही. आम्ही दोघींनी मिळून फरशी कोरडी केली.