मधून सुरुवात

"या लेखकाची सुरुवात कुठून करावी?" आमच्या ह्यांनी ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं आणि मला तिथेच घाम फुटला. उद्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. एक डोळा कधीच गेलेला, उरलेल्याची डॉक्टर खात्री देत नव्हते. आणि हे सुरुवातीच्या गोष्टी करत होते!

हा लेखक इतिहास लिहितो आणि चित्रंही स्वतःच काढतो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणारे आमचे हे त्या पुस्तकांकडे लांबूनच बघायचे. सवडीने बघू म्हणायचे. सवड कुठली मिळायला!

"नवे लोक नदीवरच्या पुलाच्या बांधकामाच्या पुस्तकापासून सुरू करतात," बाई म्हणाल्या. "ते त्यांचं पहिलं. सोपंय."

"मधलं कुठलं?"

बाईंना हसू आलं. मी म्हटलं, "खोडच आहे त्यांची. पाटीसुद्धा मधल्या अक्षरापासून रंगवतात."

"मग काय! कडेनं सुरू केलं की शेवटच्या अक्षराला जागाच उरत नाही."

मधलं पुस्तक निघालं राजवाड्याची भिंत रंगवणाऱ्या चिताऱ्यांचं. घरी खिडकीशी बसून ह्यांनी तेही मधूनच उघडलं, अगदी नाक टेकवून.

"अगं, हा बघ! पालथ्या बादलीवर बसून जेवतोय. मीच की हा!"

कितीतरी दिवसांनी हसले. एकेक पान करत शेवटपर्यंत गेले आणि पुस्तक मिटून ठेवलं.

"आधीची पानं?" मी विचारलं.

"ती ऑपरेशननंतर."

"आजच बघून घ्या की सगळं," मी बोलून गेले आणि जीभ चावली. मेली ही जीभ!

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुलाही तसंच वाटतंय."

"छे हो! परत द्यायचंय म्हणून म्हटलं."

"खोटं बोलता येत नाही तुला." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "भीती वाटतेय गं मला."

उंच परांचीवर शीळ घालत चढणारा माणूस हा. धीर द्यायचा होता, पण तोंडातून निघालं, "मलाही."

मग मी पुस्तक पुन्हा उघडायला गेले, तर त्यांनी त्यावर हात ठेवला. उचलूच देईनात.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"उजेड," हे म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "उजेडच."

डॉक्टरांनी खाली मान घातली. याहून जास्त दिसणार नाही, असं त्यांनी मला नंतर बाहेर बोलावून सांगितलं. ह्यांना ते आधीच कळलं होतं.

घरी आल्यावर ते खिडकीशी जाऊन बसले. मला वाटलं, आता हा माणूस खचला. मी काय करू, कुणाला हाक मारू?

"सुरुवात राहिलीय," ते म्हणाले. "सांग."

मी पहिलं पान उघडलं. मला मेलीला चित्रातलं काय कळतंय! "कोरी भिंत आहे. मोठीच्या मोठी. शिडी लावलीय. खाली एकजण उभाय."

"काय करतोय?"

"वर बघतोय."

"घाबरलाय?"

आता तरी खोटं बोलावं, असं वाटलं. पण येत नाही ना मला.

"हो," मी म्हटलं. "घाबरलाय."

"हात कुठंयत?"

"शिडीवर."

त्यांनी मान हलवली. "उलट पान."