जसे बोलले तसे

"बाई, एवढं एक वाक्य काढा. बाकी पुस्तक अगदी माझ्या मनासारखं झालंय."

सरांनी टंकलिखित पानावर नखाने अलगद रेघ ओढली. समोर बसलेल्या लघुलेखिकेने घसरलेला चष्मा वर सारला. त्याची डावी दांडी कित्येक महिन्यांपासून ढिली होती. रेघेखालचे वाक्य तिला पाठच होते: 'घाबरट माणूस विकतो, श्रीमंत माणूस थांबतो, एकही शेअर विकू नका.' भर सभेत उच्चारलेल्या या वाक्यानंतर नवव्या दिवशी बाजार कोसळला होता.

"हे आपणच बोललात, सर."

"शक्यच नाही. विका म्हणून मी सावध केलं होतं. तो दिवस मला लख्ख आठवतोय. निळा सदरा होता माझा."

"सदरा निळाच होता," ती म्हणाली.

तीस वर्षे न्यायालयात साक्षी टिपून घेताना तिने खोटे बोलणारे पुष्कळ पाहिले होते. असा माणूस बोलता बोलता लिहिणाऱ्या हाताकडे चोरून पाहतो. सर मात्र तिच्याकडे सरळ, निर्मळ दृष्टीने पाहत होते. आपली आठवण त्यांनी केव्हाच दुरुस्त करून घेतली होती, आणि दुरुस्ती केल्याचेही ते विसरले होते.

शेअरबाजाराची विद्या शिकवणाऱ्या सरांच्या सभेत मोबाइल दाराशीच ठेवून यावे लागे. आपले शब्द न्यायालयात मुरलेल्या हाताने टिपले जावेत, ही त्यांची हौस. निवृत्तीनंतर हे काम तिला मिळवून दिले ते धाकट्या भावाने. तो सरांचा परमभक्त. प्रत्येक सभेचे टिपण टंकून झाले की ती जुन्या शिस्तीने खाली लिही, 'जसे बोलले तसे', आणि सही करी. त्या तीन शब्दांवर तिने आयुष्य काढले होते.

"आणि शेवटचं प्रकरण तुमच्या भावाचं," सर प्रेमाने म्हणाले. "परवा सभेत ते स्वतः उभे राहून सांगणार आहेत, की मी विका म्हटलं आणि त्यांनी ऐकलं नाही. त्याखाली सख्ख्या बहिणीची सही! याहून मोठा पुरावा कोणता?"

घरी आली तेव्हा भाऊ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मान खाली घालून लिहीत बसला होता. समोर चूकवही होती. सरांच्या प्रत्येक शिष्याकडे अशी एक वही असे. नुकसान झाले की स्वतःच्या हाताने 'चूक माझी' असे लिहून आरंभ करायचा, मग सभेत उभे राहून वाचायचे, आणि सगळ्यांनी एका सुरात 'स्वीकारलं' म्हणायचे. नफ्यासाठी वही नव्हती. नफा झाला की सरांसाठी टाळ्या वाजत.

भावाचे चष्म्याचे दुकान होते. त्या पडझडीत ते गेले, आणि तो बहिणीकडे राहायला आला. येताना त्याने हत्यारांची पेटी तेवढी आणली होती. ती खाटेखाली सरकवल्यापासून त्याने एकदाही उघडली नव्हती.

"काय लिहिलंस?"

"सरांनी विका सांगितलं, पण माझ्या हावरटपणानं मी बसून राहिलो."

"त्यांनी विकू नका सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे."

"झालं तुझं सुरू! ताई, दुकान माझं गेलं ना? मग चूकही माझीच असू दे. तीत तरी कुणी वाटेकरी नको."

"अरे, तू ऐकलंस त्यांचं. अक्षरन् अक्षर ऐकलंस."

भावाने लेखणी खाली ठेवली.

"चूक माझी असली तर मी सुधारेन," तो हळूच म्हणाला. "ऐकूनसुद्धा बुडालो म्हटलं, तर मग मी सुधारायचं काय?"

हा माणूस न केलेल्या अपराधाची शिक्षा हौसेने भोगतो आहे, आणि त्या निकालपत्राखाली आपली सही मागितली जात आहे, एवढे तिला स्वच्छ दिसले.

सभेच्या दिवशी दोनशे खुर्च्या भरल्या होत्या. व्यासपीठाच्या पायाशी तिचे छोटे टेबल होते. भाऊ उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, हातात वही, आणि शाळेत नापास झालेल्या मुलासारखा आवाज.

"चूक माझी. सरांनी विका म्हणून सांगितलं असताना..."

"थांब," ती म्हणाली.

तीस वर्षांत न्यायालयात ती आपणहून एकदाही बोलली नव्हती. न्यायाधीश 'वाचून दाखवा' म्हणाले तरच लघुलेखिकेने तोंड उघडायचे, हा नियम. इथे कोणी तसे म्हणाले नाही. ती तरीही उठली, चष्मा एका हाताने धरला आणि जुनी टिपणवही उघडली.

"वाचून दाखवते. सर: 'एकही शेअर विकू नका.' प्रश्न, चष्मेवाले: 'सर, दुकानाचं भांडवल आहे, निम्मं तरी काढून घेऊ का?' सर: 'निम्मं काढणारा निम्माच माणूस असतो. बसा खाली.' कंसात: सभेत हशा."

सभागृह उसळले.

"बाई, भावाचं नाक कापताय!"

"कुणाचं मीठ खाता हो?"

"आम्ही मुळी हसलोच नव्हतो!" पहिल्या रांगेतल्या एक बाई ओरडल्या.

"तिसऱ्या रांगेपर्यंत सगळे हसले होते," ती शांतपणे म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नव्हतं."

सरांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी करुणा होती. "बाई थकल्यात. त्यांना कुणीतरी पाणी द्या."

तिने खाली वाकून पेन्सिलीने चार खुणा केल्या. "हेही लिहून घेतलं, सर." मग पुस्तकाचे बाड उचलून त्यांच्यासमोर ठेवले. "आणि हे आपलं. माझी सही नाही यावर. मिळणारही नाही."

फाटकाबाहेर एक मनुष्य घाईने आडवा आला. एके काळचा सरांचा पट्टशिष्य; आता स्वतःच्या चॅनेलवर रोज त्यांचे वाभाडे काढी. लोक त्याला पोलखोल्या म्हणत.

"बाई, आतलं सगळं कळलं. कमाल केलीत! वह्या द्या, उद्याच त्याला उघडा पाडतो. फक्त गेल्या वर्षी दोनदा त्याचं बरोबर आलं होतं, ती पानं नकोत. लोक उगाच गोंधळतात."

"दोनदा नाही, तीनदा. बसा इथं पायरीवर, पहिल्या पानापासून वाचते. निवडून देणार नाही."

"एवढा वेळ कुणाला आहे, बाई?"

"मग बाजूला व्हा."

भाऊ दहा पावले पुढे चालत होता. घर येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिले नाही. कुलूप उघडले, आणि तो वही उघडून टेबलाशी बसला. खिडकीतून दुपारचे ऊन चूकवहीवर पडले होते.

"मी विचारलं होतं?" तो म्हणाला.

"विचारलं होतंस."

"आणि लोक हसले."

"हो."

"म्हणूनच विसरलो असेन." तो उठला, गुडघ्यांवर बसला आणि खाटेखालची पेटी ओढून काढली. झाकणावरची धूळ त्याने फुंकरीने उडवली. "चष्मा दे इकडे. सभेत एका हातानं धरून वाचत होतीस. चष्मेवाल्याची बहीण!"

तिने चष्मा काढून दिला. त्याने चूकवही मिटली, आणि चिमुकला स्क्रू घरंगळू नये म्हणून तिच्या पुठ्ठ्यावर ठेवला. दांडी बसवून त्याने काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, चष्मा उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिला, आणि स्वतःच्या हाताने बहिणीच्या डोळ्यांवर चढवला.

"आता वाच," तो म्हणाला. "माझ्या प्रश्नापासून."