भाकरीमास्तर

बसलिंगप्पाच्या खानावळीत नोकर फक्त बाप्ये होते. बायका होत्या त्या सगळ्या त्याच्या नातेवाईक.

खरोखरच्या नातेवाईक होत्या असं मात्र समजू नका. सोलापूर स्टेशनाजवळच्या गल्लीतली ती खानावळ. आमटीच्या हंड्यापाशी महिपती होता, तो आचारी. ताटं वाढायला दोन गडी होते, ते वाढपी. बाप्यांच्या कामाला नाव होतं आणि नावाला पगार होता. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या तिघी मात्र नुसत्या अक्का. सिद्धम्मा, कमलम्मा, ईरम्मा, सगळ्या अक्काच. आणि मागं मोरीवर भांडी घासायची ती बजामावशी. मालक म्हणवून घ्यायची बसलिंगप्पाला भारी लाज. "मालक कसला गं? अण्णा म्हण, अण्णा!" आता भावानं बहिणीला पगार देणं बरं दिसतं का? म्हणून महिना सरला की हा अण्णा एकेका अक्काच्या हातावर चाळीस रुपये टेकवायचा, तेही भाऊबीज घातल्याच्या थाटात. बजामावशीला त्याहून कमी. अण्णाच्या कपाळभर विभूती, तोंडात खडीसाखर आणि मूठ अशी आवळलेली की पाणी गळू नये.

सिद्धम्मा अक्कलकोटाकडची. नवरा गेल्यापासून ती आपल्या सख्ख्या भावाच्या, ईरप्पाच्या घरी पडवीत अंग टाकायची. सख्खा भाऊ गरीब गाय, पण वहिनी! सिद्धम्मा दमून घरी आली की ती म्हणायची, "दिसभर भाकरीच्या राशीत बसतीस, तितं पोट भरत न्हाय व्हय?" हे ऐकून सिद्धम्मा अर्ध्या ताटावरून उठायची. सिद्धम्माला आयुष्यात आता एकच गोष्ट पाहिजे होती. मिलच्या मागच्या चाळीत मुक्ताबाईची एक खोली रिकामी पडली होती. खोली कसली, खुराडंच. पण तिला दार होतं, आणि दाराला आतून कडी होती. ती कडी आपल्या हातानं घालून, कुणाचं काही न ऐकता, एक रात्र तरी झोपायचं, एवढंच सिद्धम्माच्या मनात होतं. पण भाडं आणि पोट ही दोन्ही चाळिसात बसेनात. मुक्ताबाई संक्रांतीपर्यंत थांबते म्हणाली होती. त्यानंतर खोली दुसऱ्याला.

अशात मार्गशीर्षात कमलम्माच्या हातावर उकळत्या पाण्याची कळशी कलंडली. अण्णा हळहळला, चुकचुकला, खोबरेल तेलाची बाटली आणून दिली, आणि हात बरा होईपर्यंतचे पैसे बंद केले. नात्यात कसली आलीय भरपगारी रजा? पण भाकरी कमी पडायला लागली. पुढं सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, खेड्यापाड्याची माणसं लोटणार. घाईत बाई मिळेना, तेव्हा बसलिंगप्पानं वैरागहून रेवणसिद्ध नावाचा एक बाप्या आणला.

हा रेवणसिद्ध कुठल्याशा मठाच्या कोठीत भाकरी थापायला शिकला होता. खोटं कशाला बोला, बरी थापायचा. सिद्धम्मासारखीच. तिच्याहून चांगली नाही, वाईटही नाही. पण त्याच्या मिशा बघाव्यात! आल्या आल्या त्यानं अटी घातल्या. पगार नव्वद. मला नावानं हाक मारायची नाही, मास्तर म्हणायचं. आणि माझ्या चुलीपुढं पडदा पाहिजे. का? तर बाप्या माणसाला भाकरी थापताना कुणी बघितलं, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

अण्णानं मुकाट्यानं सगळं कबूल केलं. कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लागला आणि त्याच्या आड भाकरीमास्तर बसले. बाहेर बायकांच्या हातांचा आवाज थप थप, पडद्याआड मास्तरांच्या हातांचा आवाजही थप थप. त्या आवाजात बाई कुठली आणि बाप्या कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पगारात मात्र लगेच कळायचं.

नव्वदाचा आकडा मास्तरानं आपल्याच तोंडानं सांगितला. पान खाताना फुशारकी मारायची खोड होती त्याला. सिद्धम्माच्या पायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक ओसरल्यावर ती हाताचं पीठही न धुता गल्ल्यापाशी गेली.

"अण्णा, त्या मास्तराला नव्वद आन् मला चाळीस. ह्यो कुठला न्याय?"

"अगं अक्का, त्याला बायकापोरं हायत."

"मला पोट न्हाय व्हय?"

"तुला भाऊ हाय की!"

"वहिनी बी हाय, ती इसरला."

बसलिंगप्पा हसला. रागावणं त्याला माहीतच नव्हतं. रागावला असता तर परवडलं असतं. त्यानं तिला जवळ बोलावलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "हे बघ. बाप्यानं बायकांचं काम करायचं म्हंजी त्याची मान खाली जाती. त्यो पैसा भाकरीचा न्हायच, लाजेचा हाय. तू जन्मापासनं थापतीस. तुला कसली लाज?"

ऐकलंत? भाकरी चाळिसाची आणि लाज पन्नासाची! आणि ती लाज देवानं फक्त मिशीवाल्यांना वाटलेली. नवऱ्याच्या मागं परक्या गल्लीत, शंभर पुरुषांच्या नजरेसमोर पदर सावरत चुलीपुढं बसायचं, यात बाईची लाज जात नाही. गेली तरी तिची किंमत होत नाही. थू त्या हिशेबावर!

ते दिवस आणीबाणीचे होते. पानाच्या दुकानातला रेडिओ दिवसभर कायदे सांगायचा. त्यातच एकदा सिद्धम्मानं ऐकलं होतं की सारख्या कामाला बाईला आणि बाप्याला सारखाच पगार द्यायचा, असा हुकूम निघालाय. तिनं ते पक्कं ध्यानात ठेवलं. बिचारीला वाटलं, सरकार बोललं म्हणजे झालंच.

आणि खरंच एक दिवस कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला. सफारी घातलेला, पोटानं सुखी. आधी तो जेवला. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेंगाचटणी, पुन्हा भाकरी. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग दात कोरत त्यानं विचारलं, "काही तक्रार वगैरे?"

"हाय की," सिद्धम्मा उठली आणि तिनं तो गोणपाटाचा पडदा एका हातानं बाजूला सारला. "ह्यो बी भाकरी थापतो, मी बी थापते. त्याला नव्वद, मला चाळीस. रेडिओत तर येगळंच सांगत्यात."

मास्तरानं पिठाचे हात पटकन धोतरात लपवले. बसलिंगप्पाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

"साहेब, ह्या अक्का भाकऱ्या करतात. हे मास्तर आहेत. यांचं काम आतलं, त्यांचं काम बाहेरचं. दोन्ही कामं वेगळी."

इन्स्पेक्टरानं पडद्याकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं आणि एक ढेकर दिली. "बरोबर आहे. काम वेगळं, तर पगार वेगळा. यात कायदा काही करू शकत नाही." शेंगाचटणीचा पुडा काखोटीला मारून साहेब निघून गेले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा तो कायदा.

तो गेल्यावर अण्णा म्हणाला, "अक्का, घरातली गोष्ट परक्याला सांगत्यात व्हय? तुमी घरच्या ना?"

इतके दिवस सिद्धम्मानं सगळं गिळलं होतं, पण हे 'घरच्या' तिला गिळवेना. घरच्या? बरं. मग घरच्यासारखंच वागू.

तिनं ईरम्माला गाठलं. हात बरा होऊन परतलेल्या कमलम्माला गाठलं. दोघी आधी भ्यायल्या, मग तयार झाल्या. मग ती मागं मोरीवर गेली. बजाबाई राखेनं हंडा घासत बसली होती. वेळापूरकडची, मराठ्याची बाई; दुष्काळात गाव सोडून आलेली. तिचे हात कोपरापर्यंत काळे.

"माजं काय घिऊन बसलीस, सिद्धाबाई," बजाबाई म्हणाली. "तुमी चुलीवरच्या. मी मोरीवरची. मला उद्या हाकललं तर मागं कोन हाय?"

"मोरीवरची म्हणून काय झालं? भांडी घासली न्हाईत तर भाकरी ठेवायची कशात, त्याच्या डोसक्यावर?" सिद्धम्मानं तिचा राखेचा हात धरला. "आपुन चौघी एक. उठू तर चौघी, बसू तर चौघी. शपथ सिद्धेश्वराची."

बजाबाईनं हंडा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "शपथ घालतीस, तर बसते."

संक्रांतीचा दिवस उजाडला. नंदीध्वजांची मिरवणूक बघून भुकेजलेली माणसं गल्लीत लोटली. बाकं भरली, दारात रांग लागली. बसलिंगप्पाच्या तोंडावरून तर गर्दी बघून नुसतं तूप ओघळत होतं. अगदी ऐन भरात सिद्धम्मानं तवा उतरवला, हात धुतले आणि पुढच्या बाकावर जाऊन ऐसपैस बसली. मागोमाग कमलम्मा, ईरम्मा. बजाबाई ओले हात पदराला पुसत आली आणि बाकाच्या अगदी कडेला टेकली. इतक्या वर्षांत त्या बाकावर ती कधी बसली नव्हती.

"अण्णा, वाढा," सिद्धम्मा मोठ्यानं म्हणाली.

"हे काय गं अक्का?"

"सणाचा दिवस हाय. घरच्या माणसांना आधी वाढायची रीत हाय न्हवं? आमी घरच्याच की. वाढा, लाजू नका."

गिऱ्हाइकं हसली. एक म्हातारा म्हणाला, "वाढा हो मालक, बहिणी आल्यात!" वाढपी ताटं हातात धरून पुतळ्यासारखे उभे. बसलिंगप्पा वाकून सिद्धम्माच्या कानाशी पुटपुटला, त्यानं विनवलं, डोळे वटारले. सिद्धम्मा तांब्यातलं पाणी पीत बसली.

"मास्तर हायत की तुमचे," ती म्हणाली. "नव्वदाचे."

मास्तर पडद्याआड घामाघूम झाले होते. एका माणसानं एवढ्या जत्रेला किती पुरं पडावं? भाकरी येईना, तसा रांगेतला एक जण पुढं झाला. "आत कोण थापतंय ते तरी बघू द्या. समोर दिसल्याबिगर खात न्हाय आमी," असं म्हणत त्यानं पडदा ओढला आणि खिळ्यासकट गोणपाट खाली आलं.

"आरं, रेवण्या!" त्या माणसानं कपाळाला हात लावला. तो निघाला वैरागचाच. "गावात सांगितलंस सोलापुरात म्यानेजर हाय म्हणून, आन् हितं भाकऱ्या बडवतुयास व्हय?"

सगळी खानावळ खदाखदा हसली. मास्तर ताडकन उठले. काटवट उलटली, पीठ उधळलं, आणि मास्तर मागच्या दारानं जे पसार झाले ते पुन्हा त्या गल्लीला दिसले नाहीत. पन्नास रुपये महिना लाजेपोटी घेणारा गडी फुकटात लाज टाकून गेला.

आता बसलिंगप्पाला घाम फुटला. रांग ओरडायला लागली. कुणी कुणी दुसऱ्या खानावळीचं नाव काढलं. तो बाकापाशी आला.

"उठा आता. काय पाहिजे बोल."

"तुमी बोला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला."

त्यानं ओठ चावला. "नव्वद."

"कुणाला?"

बसलिंगप्पानं चौघींवरून नजर फिरवली. ती बाकाच्या कडेला आली आणि तिथं थोडी थांबली. "चुलीवरच्या तिघींना," तो म्हणाला. "या महिन्यापासनं."

सिद्धम्माच्या डोळ्यांपुढं मुक्ताबाईची खोली उभी राहिली. तिची आतली कडीसुद्धा दिसली. ती उठली. कमलम्मा उठली, ईरम्मा उठली. तवा पुन्हा चुलीवर चढला, पहिली भाकरी फुगली, रांगेनं 'व्वा' केलं.

बजाबाई अजून बाकावरच होती. ती उठून चुलीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "सिद्धाबाई, आन् माजं?"

सिद्धम्माचा हात पिठात थांबला. तिनं गल्ल्याकडं बघितलं. बसलिंगप्पा तिच्याकडंच बघत होता, अगदी शांतपणे. नव्वद अजून नुसते तोंडानं आले होते, हातात पडले नव्हते. पुन्हा उठायचं तर आत्ताच उठायला पाहिजे होतं, रांग दारात होती तोवर. हे तिला चांगलं कळत होतं.

ती खाली बघून पीठ मळायला लागली.

"तुजं काम येगळं हाय की गं," ती म्हणाली. "ह्यात कसं बसवायचं? बघू म्होरं. तू काय परकी हायस व्हय, मावशी? घरचीच की."

 बजाबाई वळली, तिनं पदर खोचला आणि ती मोरीवर गेली. मागून हंडा घासल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा बसलिंगप्पा गल्ला उघडून सुट्टे पैसे लावत बसला होता, आणि स्वतःशीच हसत होता.