नावाचा रकाना

"बाबा, या रकान्यात नावं कोणी भरली?"

आश्लेषाने लॅपटॉप शशिकांतरावांच्या पुढ्यात फिरवला. ते नोव्हायच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडत बसले होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला.

"मीच भरली. गेल्या वर्षी. रिकामा होता ना रकाना."

"मी तो मुद्दाम रिकामा ठेवला होता, बाबा."

शशिकांतरावांना हे पटण्यासारखं नव्हतं. रकाना मुद्दाम रिकामा कोण ठेवतं? कराडकडच्या खेड्यांत चौतीस वर्षं त्यांनी तलाठ्याची नोकरी केली होती. आपल्या दप्तरात एक खाडाखोड सापडली तर मिशी उतरवीन, असं ते पैजेवर सांगत. खाडाखोड निघाली नाही आणि मिशी राहिली. बायको गेल्यापासून ते दर हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला येत. ज्या थंडीला इथली माणसं कंटाळून पळतात, त्या थंडीत हे गृहस्थ आपणहून येत, कारण रिकामं घर त्यांना त्याहून गार वाटे.

आश्लेषाची पीएचडी इंडोनेशियातल्या एका गावावर चालली होती. तिमोरच्या बाजूचं छोटं बेट. तीन विमानं, एक फेरी आणि मग आठवड्यातून दोनदा सुटणारी लाकडी बोट. तीही समुद्राने सुटू दिली तर. तिथे मामा रोझीना नावाच्या म्हातारीच्या घरी ती दीड वर्ष राहिली होती. तिथे आईला मामा म्हणतात, हे शशिकांतरावांनी कराडला सगळ्यांना हसून हसून सांगितलं होतं. त्या गावात जमीन आईकडून लेकीकडे जाते. नवरा लग्न करून बायकोच्या घरी येतो. माड मात्र ज्याने लावला त्याचा, मग जमीन कोणाची का असेना. आश्लेषाने घरोघर फिरून गावाचा नकाशा काढला होता. तिच्या वहीत प्रत्येक तुकड्यापुढे लिहिलेलं असे: सोबत लुकास, सोबत योहानेस. बांधावरून कोण बरोबर चाललं, याची ती टाचणं.

गेल्या हिवाळ्यात नकाशा तिने काढला आणि तक्ता शशिकांतरावांनी भरून दिला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना काम मिळालं होतं. तीन आठवडे त्यांनी वेळेवर दाढीसुद्धा केली. 'सोबत'च्या पुढची नावं उचलून त्यांनी मालकाच्या रकान्यात बसवली. पुरुष बांधावर उभा आहे, दिशा दाखवतोय, म्हणजे खातेदार तोच. आयुष्यभर त्यांनी हेच तर पाहिलं होतं.

"मी न बघता प्रिंट मारली," आश्लेषा म्हणाली. "चॅप्टरची डेडलाइन होती. गावाला गिफ्ट म्हणून मोठी कॉपी लॅमिनेट करून पाठवली. सरपंचाने ती लँड ऑफिसला दिली. आता मामाची समुद्राकडची जमीन लुकासच्या नावावर रजिस्टर झालीय. तिच्या भाचीचा नवरा. त्याने हॉटेलवाल्यांना विकली आणि बोटीत बसून निघून गेला."

"गावाने हरकत घेतली नाही? नकाशा लावला असेल ना कुठेतरी?"

"साठ दिवस लावला होता. सगळ्यांनी पाहिला. मामानेपण पाहिला. लुकासचं नाव वाचून ती हसली म्हणे. बांधावर चालला म्हणून बिचाऱ्याचं नाव आलं, असं वाटलं तिला."

चावडीच्या दारावर नोटिसा शशिकांतरावांनी हजारोंनी डकवल्या होत्या. पंधरा दिवसांत कोणी बोललं नाही तर नोंद कायम. न बोलणाऱ्याला नोटीस कळली होती का, हे विचारायची पद्धत नव्हती.

"बायकांची नावं नव्हती तुझ्या वहीत," ते म्हणाले. आवाजात अजून थोडा तलाठी शिल्लक होता.

"बायका घरी बसून मला सांगायच्या, बाबा. कोणाच्या आजीपासून कोणाकडे आली ते. चालायला पुरुषांना पाठवायच्या. एका नावात ते मावत नव्हतं, म्हणून रकाना रिकामा होता. आणि आपल्या सातबाऱ्यावर शैलू आत्याचं नाव कुठेय?"

"तिने खुशीने हक्कसोड केलंय."

"तुम्ही विचारलं होतं तिला?"

"सही आहे तिची."

"मी सहीचं नाही विचारलं."

त्यांनी परत मेथीला हात घातला, पण पानं देठांत आणि देठं पानांत पडायला लागली. सहीच्या दिवशी त्यांची बहीण शैलजा डबा घेऊन आली होती. सही कुठे करायची तिथे त्यांनी आधीच पेन्सिलने बारीक फुली केली होती. ती म्हणाली होती, "दादा, तू म्हणशील तिथे." ते शब्द त्यांना इतकी वर्षं प्रेमाचे वाटत आले होते. आज लाज वाटली. नुसती लाज नाही, त्यांना स्वतःची किळस आली.

मंगळवारी सकाळी तिथल्या जिल्ह्याच्या गावी मामाच्या तक्रारीवर सुनावणी होती. म्हणजे इथे सोमवारची संध्याकाळ. शशिकांतरावांनी कागद पुढे ओढला आणि मराठीत जबाब लिहिला: नावे मी भरली. मला माहिती नव्हती. मी कोणाला विचारले नाही. चूक माझी.

"तुमची एकट्याची नाही," आश्लेषा म्हणाली. "थिसिस माझा आहे. सही मीपण करणार."

"तुझी कमिटी?"

"चॅप्टर जाईल. कदाचित फंडिंगपण." तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं. "जाऊ दे ना यार."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता स्क्रीनवर एक खोली दिसू लागली. पंखा, झेंडा, गणवेशातला एक तरुण अधिकारी. मामा रोझीना बाकावर बसली होती. काल दिवसभर बोटीतून आली होती आणि रात्री धक्क्यावरच झोपली होती. आश्लेषाने जबाब तिथल्या भाषेत वाचला. अधिकाऱ्याने मान हलवत सगळा ऐकून घेतला. तो उद्धट नव्हता. तो काय म्हणतोय ते शशिकांतरावांना भाषा न येताच कळलं. नेमकं हेच ते स्वतः शेकडो वेळा म्हणाले होते, याच आवाजात. मुदत संपली. विक्री नोंदली गेली. इथे काही करता येणार नाही, वर जा.

"वर म्हणजे राजधानी," आश्लेषा हळूच म्हणाली. "तिला नाही झेपणार ते."

"आणि माड?"

"चाळीस आहेत तिच्या हातचे. हॉटेलवाले महिनाअखेर तोडणार. नारळ उतरवून न्या म्हणतोय."

अधिकारी फाइल मिटून उठला. मामा रोझीना मात्र उठून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. कोणीतरी तिला खुर्ची दिली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर शशिकांतरावांना सोपं गेलं असतं. ती आश्लेषाशी थोडं बोलली, मग त्यांच्याकडे बोट करून एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तुझे वडील सरकारी माणूस होते ना, त्यांना कागदातलं कळतं. त्यांना विचार, आता आम्ही कुठे जायचं."

चौतीस वर्षं खिडकीशी आलेल्या प्रत्येक माणसाला शशिकांतरावांनी उत्तर दिलं होतं. अर्ज कर, नक्कल काढ, तालुक्याला जा, सोमवारी ये. सगळी उत्तरं त्यांच्या जिभेवर आली. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"बाबा, ती थांबलीय."

शशिकांतराव खुर्ची मागे सारून उभे राहिले. स्क्रीनवर आता त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसती स्वेटरची बटणं आणि जोडलेले दोन हात. आश्लेषाने त्यांना बसा म्हटलं नाही.