उत्तरेच्या कोपऱ्यातलं तळं

मित्रांनो, मी एक जुनी काळी टाकी आहे. म्हणजे आता अर्धीच. वरचा भाग भंगारात गेला, खालच्याचं तळं झालं.

आधी मी दिंडोशीतल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर होते. अख्खी बिल्डिंग माझं पाणी प्यायची, त्यानेच गाड्या धुवायची. थँक्यू कोणी म्हटलं? छट्! पाणी गेलं की मात्र सगळे वर बघून मलाच शिव्या. मग मला वरच्या बाजूला तडा गेला आणि जिन्यामागे फेकलं.

तळमजल्यावरच्या सुबोधकाकांची मुलगी इरावती. तिचं एक कासव होतं, नाव भाऊ. घरात एवढ्याशा टबमध्ये पडलेलं. काकांनी मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "भाऊसाठी अंगणात तळं करू." प्लंबरने मला कंबरेत कापलं. आत वाळू, चढून बसायला दगड, पाणी सोडायला बूच. झकास! वाटलं, चला, माणसाला अक्कल आली.

कसली अक्कल! काका मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन अंगणभर फिरले. "कासव उत्तरेलाच हवं. कुबेराची दिशा."

उत्तरेला वर पत्र्याची शेड आणि पलीकडे टॉवर. ऊन औषधालाही नाही.

"पप्पा, त्याला ऊन लागतं ना!"

"तुला काय कळतं वास्तूतलं? गप बस."

भाऊ रोज दगडावर चढायचा, मान काढून ऊन शोधायचा. काका पाहुण्यांना दाखवायचे, "तळं बघा, मी केलं." पाहुणे म्हणायचे, "वा, वा!" वा काय, डोंबल! कासवाकडे एकजण बघेल तर शपथ.

भाऊने खाणं सोडलं. एका सकाळी इरावतीने त्याला उचललं, तर पाठ तिच्या अंगठ्याखाली दबली. कासवाची पाठ, बोला! ती रडत बसली नाही. भाऊला बादलीत ठेवलं, माझं बूच काढलं आणि मला खरखर ओढत दक्षिणेच्या उन्हात नेलं.

काका बनियनवरच धावत आले. "अगं, दक्षिण? यमाची दिशा ती! मारतेस काय त्याला?"

"पाठीला हात लावा, पप्पा. हळू."

काकांनी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग माझ्यात पाण्याचा पाईप सोडला. दुपारी डॉक्टरकडेही स्वतःच घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, ऊन द्या.

पण खोड जाते काय? इरावती भाऊला दगडावर ठेवत होती, तेव्हा काका पुटपुटले, "निदान तोंड तरी उत्तरेकडे कर गं."

इरावतीने केलं. भाऊ थोडा वेळ बसला. मग हळूहळू वळला, उत्तरेला शेपटी केली आणि मान लांब करून उन्हात डोळे मिटले.

मित्रांनो, प्राणी पाळताय तर आधी त्याच्याकडे बघा. जमत नसेल तर सरळ पितळेचं कासव आणा. त्याला ऊन लागत नाही, भूक लागत नाही, आणि तोंड कुठेही करून ठेवा, ते वळत नाही.