टेबलावर वाचलेली पुस्तके

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी ढकलगाडी आहे. पेणच्या रामवाडीत एका वेल्डरने मला घडवले आणि रोह्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी कामाला लागले. मुलांनी टेबलावर ठेवलेली पुस्तके मी कपाटापर्यंत नेते. नवी होते तेव्हा माझे फार कौतुक होते. पुढे चाके कुरकुरू लागली, तसे शिपाई काळुराममामा मला कोपऱ्यात ठेवून पुस्तके हातानेच नेऊ लागले.

यंदा दोनशे पुस्तके रद्दीत काढायचे ठरले. पाच वर्षांत ती कोणी घरी नेली नव्हती. ग्रंथपाल आसावरी मॅडमना ते पटेना. पेणला ग्रंथपालांना संशोधन शिकवणारे शिबिर झाले, तिथून त्या नुकत्याच परतल्या होत्या. ‘घरी नेली नाहीत म्हणजे वाचली नाहीत, हे कशावरून?’ असा प्रश्न त्यांनी वहीत लिहिला आणि प्राचार्यांकडे दोन महिने मागितले.

“मामा, टेबलं आवरून पुस्तकं लगेच कपाटात लावू नका. गाडीवर ठेवा. मी मोजणार आहे.”

“वीस वर्सं आवरतोय मॅडम. पसारा दिसला तर साहेब माझ्या नावानं शंख करतील.”

“तुम्ही आवरता आणि माझा पुरावा जातो हो!”

मामा हसले. त्यांनी माझ्या चाकांना तेल घातले. ‘वाचलेले पुस्तक गाडीवर ठेवा’ अशी पाटी लागली. दोन महिन्यांत रद्दीच्या यादीतली एकसष्ट पुस्तके माझ्यावर आली. तेवढी ठेवली, बाकीची रद्दीत गेली.

आठवड्याने निडी गावाहून रेल्वेने येणारी विद्यार्थिनी सुरभी आली.

“मॅडम, भाताच्या जुन्या वाणांचं पुस्तक दिसत नाय. रेल्वेची वेळ होईपर्यंत रोज वाचायची मी. वहीत अर्धंच उतरवून झालंय.”

मॅडमचा चेहरा उतरला. “अगं, मग ढकलगाडीवर का नाही ठेवलंस?”

“मामांना कशाला त्रास, म्हणून मीच कपाटात ठेवायची.”

मामा रद्दीवाल्याकडे धावले. रिकाम्या हातांनी परतले.

मॅडमनी प्राचार्यांना द्यायच्या अहवालाला एक पान जोडले: ‘माझ्या मोजणीतून किमान एक वाचक सुटली. चूक तिची नाही, माझ्या पद्धतीची आहे.’ लिहिताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग त्या सुरभीशेजारी बसल्या आणि तिच्या वहीतली पाने टाईप करू लागल्या.

मित्रांनो, घरात वस्तू जागच्या जागी जरूर ठेवा. ग्रंथालयात मात्र वाचलेले पुस्तक माझ्यावर ठेवा. नीट लावलेल्या कपाटाकडे पाहून, त्यातले कोणते पुस्तक कुणाला हवे होते, हे मलाही सांगता येत नाही.